वंशावळीतलं पान

एतेरी जॉर्जियाहून चीनमध्ये पीएचडीला आली होती. खेड्यापाड्यांतल्या जुन्या वंशावळी वाचायच्या, हेच तिचं काम. फंग घराण्याची वही तिने उघडली, तशी त्या घरची म्हातारी, माहेरच्या आडनावाने सगळ्यांची ताओ आजी, शेजारी येऊन टेकली. तिला अक्षरओळख नव्हती.

"आमच्या घरचं पान वाच बघू."

एतेरीने वाचलं. नवऱ्याचं नाव. बायको, 'ताओंची मुलगी'. मग तीन मुलगे.

"आणि पुढे?"

"संपलं, आजी."

"पोरगी नाही त्यात?"

"मुलींची नावं वहीत घालत नाहीत ना…"

"ते तू मला सांगतेस होय!" आजी पानावरून हात फिरवत राहिली. "दुष्काळात सामाईक स्वयंपाकघरातून घरामागे दिवसाला एक भांडं पेज मिळायची. सासरे म्हणाले, वहीत नाव आहे त्यालाच वाढ. वाढणारी मीच होते."

एतेरीने घाईघाईने पेन्सिल उचलली. "मी लिहिते तिचं नाव. माझ्या प्रबंधात छापून येईल. सांगा, आजी."

आजी त्या पेन्सिलीकडे बघत राहिली.

"ठेवलंच नव्हतं गं. कुठे लिहायचंच नाही, तर ठेवून करायचं काय?"