चौथं पान

बाबांनी चौथं पान खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा टेबलावर ठेवलं आणि पट्टी पहिल्या ओळीखाली लावली. हे तिसऱ्यांदा.

लेक समोर बसून भाजी निवडत होती. निवडत होती कसली, मघापासून एकच देठ खुडत होती. त्या पानावर दोन चुका आहेत हे तिला ठाऊक होतं, कारण त्या तिनंच घातल्या होत्या.

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस. छापखान्यातले लोक त्यांना 'भिंग' म्हणायचे. वर्षभरापूर्वी बोलता बोलता शब्द हरवू लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला आणि डोकं रिकामं ठेवू नका. चालण्याचं बाबांनी लगेच मनावर घेतलं. डोक्याचं काम लेकीनं शोधलं. ती त्याच छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करायची. "घाईचं आहे, एवढं बघून द्या," म्हणत ती रोज सहा पानं घरी आणायची. पुस्तक होतं कुंडीतल्या झाडांवरचं, आणि ते कधीच छापून विकायलाही गेलं होतं. त्यातल्या पानांवर ती मोजून दोन-दोन चुका घालायची. पहिल्या पहिल्यांदा बाबा बाराच्या जागी तेरा काढायचे. तेरावी छापखान्याची स्वतःची असायची, पुस्तकाच्या सगळ्या प्रतींत गेलेली. मग बारा झाल्या. गेल्या आठवड्यात एकदा अकरा.

"झालं," बाबांनी तांबड्या पेनला टोपण लावलं. "दहा."

"वा! सगळ्या सापडल्या की."

"होत्या किती?"

"मला काय माहीत, बाबा? माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आणली असती पानं?"

बाबा हसले नाहीत. "अगं, दमलेल्या हाताची चूक वेगळी असते. ओळ संपताना शब्द दोनदा पडतो, शेजारचं अक्षर दाबलं जातं. इथं सगळा ऱ्हस्व-दीर्घाचा मामला. आणि पानाला बरोब्बर दोन. चुका कधी इतक्या शिस्तीत येतात का? पहिल्याच आठवड्यात कळलं मला."

पितळ उघडं पडलं. लेकीचे कान गरम झाले. "मग बोलला का नाहीत?"

"दिवसभर तेच काम करून येतेस, वर माझ्यासाठी चुका करत बसतेस. त्यावर काय बोलायचं?" त्यांनी चौथं पान तिच्याकडे सरकवलं. त्यावर तांबड्या शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. "यावर किती घातल्यास?"

तिच्यानं खरं बोलवेना. "त्यावर घातल्याच नाहीत. राहून गेलं."

बाबांना हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"कंटाळलीस का गं?" ते म्हणाले. "कंटाळली असलीस तर बंद करू. माझं काही म्हणणं नाही. मी आपला रेडिओ ऐकेन."

परक्या माणसाशी बोलावं इतक्या सभ्यपणे बाबा तिच्याशी कधी बोलले नव्हते. रागावले असते तर परवडलं असतं.

"दोन आहेत, बाबा," ती म्हणाली. "रोजच्यासारख्या. मी खोटं बोलले."

बाबांनी चष्मा घातला आणि पान पुढ्यात ओढलं.

"कुठं ते सांगू नकोस."

पट्टी पुन्हा वरून खाली सरकू लागली. तिसऱ्या ओळीत पाणी घालण्याच्या 'सुचना' होत्या, 'सु'चा उकार ऱ्हस्व. याच शब्दावरून बाबांनी एकदा अख्खा छापखाना डोक्यावर घेतला होता. पट्टी तिसऱ्या ओळीखाली थांबली. लेकीनं श्वास रोखला. पट्टी चौथ्या ओळीवर गेली.

तिला ओरडून सांगावंसं वाटलं. ती ओठ घट्ट मिटून बसली.

शेवटून दुसऱ्या ओळीत मातीची 'परिक्षा' होती. तिथं पट्टी थबकली, मागे आली, पुन्हा थबकली. बाबांनी टोपण काढलं आणि खूण केली. खूण जागच्या जागी बसली.

"एक," ते म्हणाले.

"दुसरी वरच्या..."

"गप. तू सांगितलीस तर ती तुला सापडलेली होईल." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आणि उद्यापासून हे दोन-दोन बंद. कुठं चार घाल, कुठं एकही नको. मला आधीच हिशेब लागायला नको. पण शेवटी किती राहिल्या ते खरं सांगायचं. रोज. कितीही राहिल्या तरी."

"सांगेन."

"रडत नाही ना सांगणार?"

ती नाही म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

खोलीत अंधारून आलं होतं. तिनं उठून दिवा लावला, पाच पानं गोळा करून पिशवीत घातली आणि चौथ्यासाठी हात पुढे केला. बाबांनी ते दिलं नाही.