वॉरंटी कोणाच्या नावावर?

"लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांचीच द्या," बाबा म्हणाले आणि लेकीचा आनंद गगनात मावेना. कॉलेज तीन वर्षांचं आहे, हे पटलं म्हणायचं एकदाचं! सवलतीसाठी आणलेली तिची गुणपत्रिका काउंटरवर होतीच; दुकानदाराने फॉर्म पुढे ओढला.

"नाव?"

बाबांनी तिच्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं.

"अहो बाबा, कॉलेजला मी जाणार आहे!"

"एकच वर्ष गं. मग तुझं लग्न उरकायचंय. पुढची दोन वर्षं लॅपटॉप त्यालाच होईल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "साहेब, सवलत फॉर्मवर ज्याचं नाव त्यालाच, आणि तीही नव्वद टक्क्यांच्या वर असतील तरच. मुलाला किती पडले?"

तिने आपली गुणपत्रिका काउंटरवरून उचलून पर्समध्ये टाकली.

"सांगा ना बाबा, सांगा! आता त्याचेच मार्क सांगा!"