शेजारची कड

“आधी हात पुसा,” मिसेस दुदेक म्हणाल्या.

मर्ल हॉस्टेटरनं तळवे पँटला पुसले. लगेच पुन्हा घाम आला.

“आणि केक तसाच आहे. पाहुणे म्हणून आलात की झडती घ्यायला?”

“खातो, बाई. आधी ते दाखवा.”

परवा शनिवार. ॲलनटाऊनच्या खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्यांच्या क्लबची बैठक. गेल्या बैठकीत मर्लनं हँक मोरो या बेसबॉलच्या जुन्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, प्रूफ टेबलावर ठेवलं होतं. ट्रेंटनच्या जुन्या बाजारात, एका विक्रेत्याच्या फळकुटावर मिळालेलं. खेळाडूंच्या चित्रांची कार्डं छापायच्या आधी रंग बघायला काढतात ते प्रूफ. पाठ कोरी, कोपऱ्यात रंग जुळवायची बारीक फुली. कार्डं यंत्राखाली गठ्ठ्यानं कापतात, त्यांच्या कडा एका सुतात सरळ असतात. प्रूफ मात्र छापणाराच कात्रीनं कापून घ्यायचा. मर्लच्या प्रूफची उजवी कड नागमोडी होती.

“हे कुणी कापलं रे, मर्ल?” क्लबचा अध्यक्ष लॉइड फ्रिक म्हणाला होता. “डोळे मिटून?”

सगळे हसले. मग फ्रिकनं चष्मा काढला. “खोटा माल आणणाऱ्याला आपण ठेवत नाही. पुढच्या बैठकीला पुरावा आण, नाहीतर येऊ नकोस.”

मर्ल त्या क्लबात एकतीस वर्षं बसत होता. बायको आयरीन गेल्यापासून तर त्याला जायला दुसरी जागाच उरली नव्हती.

प्रूफच्या पाठीवर पेन्सिलीनं पुसट लिहिलेलं होतं: के. दुदेक, मशीन दोन. ती कार्डं फिलाडेल्फियात छापली जायची, म्हणून मर्लनं तिथली टेलिफोन डिरेक्टरी काढली आणि एकेका दुदेकला फोन लावत गेला. आठव्या घरी या बाई भेटल्या. हो, नवरा कॅझ छापखान्यात होता. हो, एक प्रूफ आहे घरात. नाही, दाखवणार नाही. तो गेल्यापासून त्याच्या वस्तूंना त्या हात लावत नव्हत्या.

मर्लनं तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्या विरघळल्या. “या. पण विकणार नाही हं. आणि तुमच्याकडचं एखादं जुनं चांगलं कार्ड आणा. कॅझ असता तर त्यानं हौसेनं बघितलं असतं.”

आता त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. पानांमध्ये हँक मोरो होता. तीच लाल टोपी, तीच फुली. डावी कड वेडीवाकडी.

“कॅझ जेवणाच्या सुट्टीत घ्यायचा थोडी,” त्या म्हणाल्या. “मग कात्री अशी चालायची.”

मर्लनं आपलं प्रूफ काढलं. दोन्ही जवळ आणली. जुळेनात.

“तिकडून नाही,” मिसेस दुदेक म्हणाल्या. “माझं उजवीकडे घ्या.”

त्यानं बाजू बदलली. वळणात वळण बसलं. मधून केस गेला नसता.

“जुळलं!” त्याचा आवाज फुटला. “एकाच कागदातली आहेत, बाई! आता बोल म्हणावं फ्रिकला!”

“शांत व्हा. पाणी घ्या.”

“हे मला द्या. शनिवारपुरतं तरी.”

“गेलेली वस्तू परत आलेली मी बघितली नाही, मिस्टर हॉस्टेटर.”

“मग विकत द्या. सांगाल ते.”

“पैसे? माझ्या कॅझच्या आठवणीचे?” त्यांनी पुस्तक मिटलं.

मर्लनं कोटाच्या आतल्या खिशातून चपटी डबी काढली. आत वडिलांचं कार्ड होतं, सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं. वडील पोलादाच्या कारखान्यात होते. जेवणाच्या डब्याच्या झाकणात ते कार्ड चाळीस वर्षं रोज भट्टीपाशी जायचं. क्लबात विकत मागून कितीही गळ घातली तरी मर्लनं ते कधी कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

मिसेस दुदेक कार्डावर वाकल्या. “तुमच्या वडिलांचं?”

“हो.”

“मग तुम्हाला कळेल मला काय वाटतं ते.” त्यांनी डोळे टिपले. “आठवणीला आठवण. दुसरं काही मी घेणार नाही.”

मर्लनं डबी टेबलावर सरकवली. बोटं सुटायला वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही.

केक त्यानं उभ्यानंच खाल्ला. दोन्ही प्रूफं छातीशी धरून तो पायऱ्या उतरला. कोपऱ्यावर वळून त्यानं हात केला. खिडकीतून मिसेस दुदेकनीही केला.

मग त्यांनी फोन फिरवला.

“रेमंड, ट्रेंटनचं तुझं गिऱ्हाईक येऊन गेलं. बिचारा फार चांगला माणूस. पुढच्या रविवारी कुठल्या बाजारात फळकूट मांडतोयस?”

उत्तर ऐकून त्यांनी पलंगाखालून मोठा कागद ओढला. त्याला अजून शाईचा वास येत होता. त्यावर आणखी सहा हँक मोरो कापायचे राहिले होते. कड नागमोडी यावी म्हणून त्यांनी कात्री डाव्या हातात घेतली.