डुलकीमामांचा नंबर

"निळा कॅन कुणाचा?"

थेंबवालीने विचारलं आणि नळापाशी अळीमिळी गुपचिळी झाली.

रांग माणसांची नव्हती, कॅनची होती. माणसं सावलीत बसलेली. तंबूंच्या या वस्तीत कॅन उभा म्हणजे माणूस उभा, अशी रीतच होती. पुढचा भरला की मागचे कुणीतरी पायाने सरकवायचं. थेंबवाली आरोग्य पथकाची. भरलेल्या प्रत्येक कॅनमध्ये सिरिंजने क्लोरीनचे थेंब सोडायची. इथे ती नवीन होती. रांग पूर्वी खूप लांब असायची, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं.

(रांग एक कॅन पुढे.)

"डुलकीमामांचा," शेवटी न्हावी म्हणाला. "झोपले असतील तंबूत ढाराढूर. उभ्या उभ्यासुद्धा डुलकी लागते त्यांना. नाव उगाच नाही पडलं."

"मी आल्यापासून एकदाही दिसले नाहीत."

"आम्हाला तरी कुठे दिसतात!" शिवणवाली हसली. "जित्याची खोड, ताई, ती काय..."

(रांग एक कॅन पुढे. न्हाव्याने लाथ जरा जोरातच मारली. शिवणवाली गप्प.)

थेंबवालीला हसू आलं नाही. कॉलरा ओसरला होता, गेला नव्हता. उपचाराच्या तंबूत नेलेला माणूस परत येत नाही, असं लोकांच्या मनाने घेतलेलं. त्यामुळे आजारी माणूस घरात लपवायचे. असा एक जरी आत दडलेला असला, तर अख्खी वस्ती पुन्हा आडवी होणार होती.

"मला त्यांना बघायचंय. आत्ता."

"अहो, ठणठणीत आहेत! तो बघा शर्ट. आजारी माणसाचा शर्ट रोज धुवायला निघतो का?"

समोरच्या तंबूच्या दोरीवर खरंच एक शर्ट होता. टपटप गळत होता.

निळा कॅन भरला. थेंब पडले. तुटक्या कडीच्या जागी बांधलेली दोरी धरून न्हाव्याने तो उचलला. थेंबवाली मागोमाग.

मामी दारातच होत्या. "तुम्ही आणलात? आणि हे कुठायत?"

"येतायत मागून. वाटेत कुणीतरी भेटलं."

"भेटलं! पाणी लोकांनी वाहायचं आणि यांनी चकाट्या पिटायच्या! येऊ देत, बघतेच त्यांच्याकडे!"

हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की सावलीतली माणसं खदखदली. "मामी, आज उपाशी ठेवा त्यांना!" कुणीतरी ओरडलं.

थेंबवालीने न्हाव्याची बाही धरली आणि त्याला तंबूमागे नेलं. "मघाशी म्हणालात झोपलेत. आता म्हणता मागून येतायत. कुठे लपवलंय त्यांना?"

न्हाव्याने मान खाली घातली.

"मामा गेले, ताई. उपचाराच्या तंबूतच. मामीही तेव्हा तिथेच, शुद्ध नव्हती त्यांना. बऱ्या होऊन आल्या आणि विचारलं, हे कुठायत? कुणाची जीभ रेटेना. माझ्या तोंडून निघून गेलं, रांगेत आहेत."

"आणि त्यांना खरं वाटतं? रात्री नवरा नसतो तरी?"

"आजारापासून डोकं जरा ठिकाणावर नाही. रात्रीचं त्या विचारत नाहीत, आम्हीही नाही. शर्ट धुतात, मामांना शिव्या घालतात, त्या भरात दोन घास खातात. हा कॅन थांबला, ताई, तर हाय खाऊन मरतील."

घरातल्या पाण्यातही थेंब टाकते, असं सांगून थेंबवाली एकटीच आत गेली.

एक चटई. एक पेला. ती त्या पेल्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

मामींनी दाराचा पडदा सोडला.

"सांगितलं वाटतं त्याने," त्या म्हणाल्या. आवाजात मघाची धार अजिबात नव्हती. "शर्ट कोरडा दिसला की बावरतात बिचारे. म्हणून रोज भिजवून टाकते."

"मामी, म्हणजे तुम्हाला..."

"हळू बोल, पोरी. शेजारच्याच खाटेवर होते मी. त्यांचा हात माझ्या हातात होता."

बाहेर न्हावी उगाचच खाकरला. मामींनी पडदा नीट ओढून घेतला.

"याची बायको तिथून आली नाही. शिवणवालीची दोन्ही पोरं आली नाहीत. या रांगेतल्या कुणाचंच माणूस परत आलं नाही. सगळ्यांनी मिळून एकच वाचवलाय, पोरी. त्याला मी कशी मारू?"