लंकेचं मावंदं

सातवी बाई पाया पडली, तेव्हा द्वारकाबाईंनी पाय मागं ओढायचं सोडून दिलं.

पहिल्या दोघी-तिघींना त्यांनी सांगून पाहिलं होतं. "अगं बाई, मी यात्रेला गेल्ते न्हाई, लिहायला गेल्ते. आमचा बारा जणांचा गट व्हता. रोज एक गाव बघायचं, मंग बसून लिहायचं, अन् एकमेकांना वाचून दाखवायचं." बाया ऐकायच्या, हो हो म्हणायच्या आणि वाकायच्याच. लंका म्हटल्यावर गावाला दुसरं काय सुचणार?

तीर्थपुरीतल्या घरापुढं मांडव घातला होता. मावंद्याचं त्यांच्या मालकांनी, काकासाहेबांनी, परस्पर ठरवून टाकलेलं. यात्रेहून परतलेल्या माणसानं गावाला जेवू घालायचं, ही रीत. आणि बायको दहा दिवस घराबाहेर, तेही समुद्रापार, म्हणजे यात्रा नाही तर काय? मंठ्याचे पाहुणे सकाळीच येऊन बसले होते. बुंदीच्या पराती फिरत होत्या. लेक हरिओम वाढप्यांवर ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. द्वारकाबाईंनी लंकेहून हौसेनं आणलेल्या चहाच्या पुड्या सून साधनानं फोडल्या, चिमूट चिमूट कागदात बांधल्या आणि वाटून टाकल्या. माणसं तो चहा कपाळाला लावून खिशात घालत होती. आता बोला!

द्वारकाबाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर वही घेऊन. वहीत नऊच पानं भरलेली. तिकडं समुद्राकाठी अकरा अनोळखी माणसांनी ती चूप बसून ऐकली होती. नाशिकच्या एका गृहस्थांनी तर चष्मा काढून डोळे पुसले होते. पण परके ते परके. आपल्या गावात, आपल्या माणसांतल्या एकानं तरी ती ऐकावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं. फार नाही, एकानं. येऊन आठ दिवस झाले होते आणि तेवढंही जमत नव्हतं.

काकासाहेब पाण्याचा तांब्या घेऊन जाताना दिसले.

"अहो, पाच मिनिटं टेकता का? लिहिलेलं वाचून दाखवते."

"आत्ता? पंगत बसून राह्यली, अन् तुला वाचायचं सुचलं व्हय!" ते हसले. माणूस वाईट नव्हे. चाळीस वर्षांत हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. बायकोचं वाक्य अर्ध्यावर असताना उठून जायची तेवढी सवय. आत्ताही गेले.

साधनाला विचारलं, तर ती हातातली परात न ठेवताच म्हणाली, "आई, फोटो काढून ग्रुपवर टाका ना. सगळे जल्दी वाचतील."

द्वारकाबाईंना रडूच येऊ घातलं. भरल्या मांडवात एवढं एकटं वाटावं?

तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या गिरिजाबाई काठी टेकत आल्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेली म्हातारी.

"द्वारके, लंकेतून पोथी लिहून आणली म्हन्तात तू. मला वाचून दाखव गं. पुन्हा मी कुठं ऐकणार?"

ही पोथी नव्हे मावशी, असं द्वारकाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. तिथंच थांबलं. ऐकणारं माणूस आपल्या पायानं दारात आलेलं, त्याला माघारी कसं लावायचं?

"बसा," त्या म्हणाल्या.

गिरिजाबाईंनी चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडून बसल्या. द्वारकाबाईंनी वही उघडली. 'मी' म्हणून लिहायला त्यांना फार जड गेलं होतं. मग तिथल्या शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, मी नको असेल तर 'एक बाई' असं लिहा.

"एक बाई होती," द्वारकाबाई वाचू लागल्या. "ती दळण निवडताना जवारीशी बोलायची. काल काय झालं, आज काय वाटलं, सगळं सुपातल्या जवारीला सांगायची. जवारी उठून जात नव्हती. एकदा ती तीन दिवस तापानं फणफणली, तशीच रांधत राहिली. चौथ्या दिवशी घरात विचारपूस झाली, भाजीला चव का नाही म्हणून."

पंगतीत आग्रह चालला होता, पोरं किंचाळत होती. द्वारकाबाई वाचत राहिल्या. गिरिजाबाई जागच्या हलल्या नाहीत. नऊच्या नऊ पानं त्यांनी ऐकली. बुंदीचं ताट पुढ्यात आलं, तेही त्यांनी हातानंच बाजूला सारलं.

वाचून झाल्यावर त्यांनी वहीवर हात टेकवला, तो कपाळाला लावला. पदराच्या टोकानं डोळे टिपले.

"लई सोसलं गं माउलीनं," त्या म्हणाल्या. "अन् अशा बाईला कुनीच न्हाई का गं? नवरा, लेकरू, कुनीच?"

"अगं ए," मांडवातून काकासाहेबांची हाक आली, "मंठ्याचे पाहुणे निघून राह्यले!"

द्वारकाबाईंनी वही मिटली.

"हायेत की, मावशी," उठता उठता त्या म्हणाल्या. "घर भरून हायेत."