वाटेचं खाणं

"कच्चा दाणा पल्याड जात नाही," नाकेदार गुणवंतराव म्हणाले.

टोपली नाक्याच्या टेबलावर होती. समोर चैतू आणि त्याची बायको मंगली. मागे प्राणहिता, आणि नदीपल्याड हैदराबादचं राज्य. तिकडे चैतूच्या मामानं जमिनीचा तुकडा दिला होता. दोघं कायमचे निघाले होते.

"खायाचं नाई बाबू, बियाणं आहे," मंगली म्हणाली. "तिकडं आमाले बियाणं कोन देते? पेरलं नाई तर वर्षभर खाऊ काय?"

"नियमात बियाणं वेगळं नाही."

शिपाई लटारूनं मापून सांगितलं. गुणवंतरावांनी लिहिलं.

नोंद, १२ मे १९५१ : ज्वारी, चार शेर. कच्ची. मनाई.

"मंग काय नेता येते?" चैतूनं विचारलं.

"शिजलेलं. वाटेचं खाणं म्हणून."

"बियाणं शिजवून पेरू का, बाबू?"

"पेर, नाहीतर खा. माझी खोली मागं आहे, चूल आहे. लटारू, तू काठावर जाऊन डोंग्यातल्यांचे पास बघ."

त्यांनी मंगलीला चूल दाखवली आणि लगेच परत येऊन खुर्चीत बसले. चैतू नदीकडे तोंड करून बसला. कौलांतून धूर निघत राहिला.

बऱ्याच वेळानं मंगली बाहेर आली. डोळे लाल. टोपलीत पळसाची पानं, पानांवर घुगऱ्यांची वाफाळती हंडी.

लटारूनं टोपली उचलून पाहिली. "लय जड लागून राह्यली, बाबूसाहेब."

"दाणा पाणी पितो. शिजला की जडच होतो." गुणवंतरावांनी चार घुगऱ्या तोंडात टाकल्या. "मीठ विसरलीस."

नोंद, दुरुस्त : ज्वारी, शिजलेली. वाटेचं खाणं. जाऊ द्यावं.

निघताना मंगलीनं वाकून जोहार केला.

"त्याले काऊन?" चैतू चिडला. "आपल्या पोटावर पाय देल्ला त्यानं."

ती टोपली घेऊन डोंग्यात बसली. डोंगा सुटला.

संध्याकाळी लटारू साहेबांच्या भाकरीसाठी दळायला खोलीत गेला, आणि ज्वारीचा रिकामा डबा घेऊनच बाहेर आला.

"बाबूसाहेब, बाईनं फसवलं. तुमची ज्वारी शिजवली तिनं. आपली तशीच पानाखाली घेऊन गेली."

गुणवंतरावांनी वही मिटली.

"चूल दाखवायला गेलो, तेव्हा डबा मीच तिच्या हातात दिला."