पोरगी इंग्रजी बोलते

"इंग्रजी शिकून राहिली म्हणता, तर बोलून दाखव म्हणा," तुलाराम म्हणाला आणि सुपारीचं खांड गालात सरकवलं.

आसगावच्या केवळरामच्या ओसरीत अड्याळचे पाहुणे बसले होते. तुलारामच्या बाजूला त्याचा पुतण्या श्रावण. टेरिलीनचा सदरा, खिशाला पेन. समोर पाटावर केवळरामची रुखमिणी, दहावीतली. दाराशी सुशीलाबाई, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. पोरीच्या इंग्रजीची साक्ष द्यायला केवळरामने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"पोरगा आमचा नागपूरचा बी.ए. हाय. लग्न माघातच होईल."

"तिची मॅट्रिक मार्चात आहे," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या.

"भात रांधाले मॅट्रिक लागत नाही, बाई."

केवळराम हसला. "बोल बेटा, पुस्तकातलं काही बोल."

सुशीलाबाईंच्या तासाला गाइड मिटून ठेवावं लागे. पुस्तकात उत्तर नाही असा प्रश्न आपणच काढायचा आणि प्रत्येक उत्तराला कारण जोडायचं. पाठ केलेलं रुखमिणीकडे काही नव्हतंच. तिने श्रावणकडे सरळ पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, लग्न परीक्षेच्या आधीच का? नंतर केलं तर काय बिघडेल?

"व्हेरी गुड," श्रावण म्हणाला.

तुलारामने मांडीवर थाप मारली. "पाहा! सायबासारखा बोलला."

रुखमिणी पुन्हा इंग्रजीत बोलली. सावकाश, लहान पोराला समजवावं तशी.

"यस, यस. थँक यू."

"काय म्हणाली, बाई?" केवळरामने विचारलं.

"बाईले कायले विचारता? आमच्या पोराले समजते ना. सांग बे!"

श्रावणचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. "मोठ्यायचं ऐकीन म्हणते."

"मग पक्की समजा! आणा कुंकू."

रुखमिणीची आई कौशल्याबाई ताट घेऊन आली. रुखमिणीने कपाळ मागे घेतलं.

"मी असं नाही म्हटलं."

केवळरामने दात आवळले. "बाई, तुमचा आज सोमवारचा उपास हाय. खोटं नोका सांगू."

सुशीलाबाईंनी पदर सारखा केला. "ती म्हणाली, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. विचार करून सांगा."

तुलाराम ताडकन उठला. "पोरगी दाखवाले बोलावलं का पोराची परीक्षा घ्याले? अशा तोंडाची सून आमच्या उंबऱ्यात नोको!" तो तरातरा अंगणात उतरला.

केवळराम बाईंवर वळला. "तुमाले इंग्रजी शिकवाले ठेवलं, का बापाचं नाक कापाले? उद्यापासून पोरगी शाळेत येणार नाही. अन् तुमी माह्या घरी नोका येऊ."

"तिची फी भरली आहे, एवढी परीक्षा तरी..."

"निघा!"

बाई उठल्या. पायरीवर श्रावण चपला घालत होता. एक चप्पल पायात गेली, आणि तो मागे वळला. पाटावर रुखमिणी तशीच बसून होती, डोळे कोरडे.

"ते पहिलं..." श्रावणचा आवाज बारीक झाला. "पहिलं काय विचारलं होतं तुमी?"

"चाल ना बे!" तुलाराम फाटकातून ओरडला.

श्रावणने दुसरी चप्पल घातली नाही.